दातांमधला थ

"काय म्हणतायत त्या?" नर्सने विचारलं आणि मी म्हटलं, "पाणी मागतेय."

रायहोन नावाची ती नर्स बिचारी धावत जाऊन पियाला भरून घेऊन आली, चमच्याने आईच्या ओठांना पाणी लावू लागली. आईने मान फिरवली. पाणी गालावरून ओघळून उशीत जिरलं. आई पुन्हा तेच म्हणाली, चार-पाच शब्द, तसेच, त्याच क्रमाने, जरा मोठ्याने, जसं आपण बहिऱ्या माणसाला सांगतो तसं. रायहोन माझ्याकडे पाहत होती. "पाणी नकोय हो त्यांना. नीट ऐका ना जरा. तुमचीच आई आहे." मी ऐकत होते. दोन दिवस मी ऐकण्यापलीकडे दुसरं काही केलं नव्हतं. खिडकीबाहेर दुशान्बेचे चिनार नव्या पानांनी भरले होते, खालच्या रस्त्यावरून ट्रॉलीबस जाताना तारा करकरत होत्या, सहा खाटांच्या त्या खोलीत बायका आपापल्या डब्यांतला शुर्बो, मटणाचा पातळ रस्सा, एकमेकींना वाढत होत्या, आणि माझी आई माझ्या तोंडाकडे पाहून मला काहीतरी सांगत होती, जे मला कळत नव्हतं.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं. डोक्यात रक्तस्राव झालाय, उजवी बाजू गेली आहे, आणि कधी कधी होतं असं, की माणूस नंतर शिकलेली भाषा पुसली जाते आणि पहिली तेवढी राहते. ताजिक गेलं, तिच्या डोंगरांतली याग्नोबी राहिली. परत येईलही, सांगता येत नाही. मग फॉर्मवरचं माझं नाव वाचत ते म्हणाले, "शिरिनमोह. विद्यापीठात काय शिकता?" मी म्हटलं, "भाषा." "कोणत्या?" "सोग्दी, जुनी फारसी, शिवाय रशियन आणि इंग्रजी." ते हसले. "मग तर प्रश्नच मिटला. दुभाषी घरचीच." मीही हसले. हसता येत होतं मला तेव्हा.

खरं म्हणजे भाषा हा विषय मी निवडला नव्हता, मला तो मिळाला होता. आमच्या विभागाच्या लांब बोळात अलीकडे सगळ्या आधुनिक भाषा, इंग्रजी आणि चिनीच्या वर्गांत मुलं दारापर्यंत उभी, आणि बोळाच्या पार टोकाला, जिथे दिवा बहुतेक गेलेला असायचा, तिथे जुन्या भाषांची खोली. तिथे आम्ही चौघं. सोग्दीसाठी जागा रिकाम्या होत्या आणि शिष्यवृत्ती होती, म्हणून मी तिथे बसले. उस्ताद खुदोयनझर यांनी पहिल्या दिवशी नावं विचारली, गावं विचारली, आणि माझं उत्तर ऐकून खडू हातातच धरून थांबले. "कापसाच्या वस्तीतली? म्हणजे तुम्ही याग्नोबी?" मी मान हलवली. मग ते इतर तिघांना म्हणाले, "अरे, ही ज्या भाषेत भाकरी मागते ना, ती भाषा सोग्दीच्याच घरातली आहे. बाराशे वर्षांपूर्वी व्यापारी जिच्यात पत्रं लिहीत, तिची नात. आपण इथे हाडं तपासतोय आणि हिच्या घरी ती चालतेय, बोलतेय." तिघंही माझ्याकडे वळून पाहू लागले. मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्या कारणासाठी असं पाहिलं होतं. त्या क्षणी मी सांगायला हवं होतं, की मी भाकरी ताजिकमध्ये मागते. सांगितलं नाही. एवढंच झालं. पुढचं सगळं त्यातूनच आलं.

मला त्या भाषेचे किती शब्द येत होते? झिवोक म्हणजे जीभ. घायक म्हणजे मुलगी. ओप म्हणजे पाणी. म्हणूनच तर आईच्या त्या चार-पाच शब्दांत 'ओप' नव्हता हे मला पहिल्याच क्षणी कळलं होतं, आणि तरी मी नर्सला पाणी म्हणून सांगितलं. काहीच कळलं नाही असं म्हणण्यापेक्षा चुकीचं सांगणं मला सोपं वाटलं. ही माझी जुनी सवय होती.

मी अकरा वर्षांची असताना जिल्ह्याच्या गावी वसतिगृहात राहायला गेले. पहिल्याच महिन्यात एका दुपारी आई फाटकाशी आली. हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या, पायांत बाबांचे बूट, कारण तिचे फाटले होते आणि बाबा तेव्हा नुकतेच रशियाला गेले होते, जिथून पुढे ते आलेच नाहीत. तिने मला पटांगणात पाहिलं आणि आनंदाने, भर मुलींमध्ये, आपल्या भाषेत हाक मारून काहीतरी लांबलचक बोलली. माझ्या मागच्या मुली फिसकन हसल्या. एकीने तिची नक्कल केली, जिभेचे विचित्र आवाज काढून. मी फाटकाशी गेले, भाकऱ्या घेतल्या आणि हळू आवाजात म्हटलं, "इथे तसं बोलू नकोस. माणसासारखं बोल." आई माझ्याकडे पाहत राहिली. मग मोडक्या ताजिकमध्ये म्हणाली, "बरं." त्या दिवसानंतर ती माझ्याशी त्या भाषेत एक शब्द बोलली नाही. लहानपणी जी कळायची, तीही वर्षागणिक माझ्यातून निघून गेली. इथे म्हणजे वसतिगृहात, असं मला म्हणायचं होतं. तिने ते सगळीकडे धरलं. सुट्टीत घरी गेले की मी आत येताच तिचं आणि शेजारणींचं बोलणं थांबायचं आणि चुकत, अडखळत ताजिक सुरू व्हायचं. वचन, पुरुष, काळ, सगळं चुकायचं तिचं. आणि मी, जी पुढे बाराशे वर्षांपूर्वीच्या क्रियापदांचे काळ न चुकता सांगणार होते, तिच्या चुका दुरुस्त करायची.

उस्तादांना मी फसवायचं ठरवलं नव्हतं. तिसऱ्या वर्षी, एका हिवाळी दुपारी, खोलीतली शेगडी पेटत नव्हती आणि आम्ही कोट घालूनच बसलो होतो, तेव्हा ते स्वतःच्या तरुणपणाचं सांगू लागले. विशीत असताना ते याग्नोबींच्या डोंगरातल्या दरीत पायी हिंडले होते, दरी रिकामी होण्याच्या आदल्या उन्हाळ्यात. पुढच्याच वर्षी सरकारने सगळ्यांना हेलिकॉप्टरमध्ये घालून खाली कापसाच्या शेतांत आणलं. माझी आई तेव्हा आठ वर्षांची होती. उस्ताद गावोगाव म्हाताऱ्या बायकांना विचारत होते, 'दिवस' कसा म्हणता? कारण सोग्दीत त्या शब्दाच्या शेवटी एक थ होता, जीभ दातांत धरून हलकेच सोडलेला थ. आज काही गावांत त्याचा त झालाय, काही गावांत स. मेत आणि मेस. "मी वेडा होतो," ते म्हणाले, "मला वाटायचं, वर कुठेतरी शेवटच्या घरात एखादी आजी असेल, जिच्या तोंडात तो थ अजून असेल. पंचेचाळीस बायकांना विचारलं. नव्हता." ते हात चोळत होते. साठी उलटलेला, सडपातळ माणूस, बायको वारलेली, मुलगा परदेशात, आणि डोळ्यांत ती पंचेचाळीस घरं. मी म्हटलं, "माझी आई मेथ म्हणते."

का म्हटलं? अजूनही मी त्या क्षणाशी परत परत जाऊन बसते. त्यांना थंडी वाजत होती. मला त्यांना काहीतरी द्यावंसं वाटलं. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

ते उठून उभे राहिले. "पुन्हा म्हण." मी म्हटलं, जीभ दातांत धरून, अगदी त्यांनीच शिकवलं होतं तसं. त्यांनी डोळे मिटले. मग ते थांबेचनात. आणखी शब्द आण, सुट्टीत जाऊन आईला विचार, यादी कर, हाच तुझा प्रबंध. सुट्टीत मी घरी गेले. आई चुलीशी बसून भाकऱ्या थापत होती. विचारायचं एवढंच होतं, 'आई, याला तुम्ही काय म्हणता?' तोंड उघडलं की फाटक दिसायचं, बाबांचे बूट दिसायचे. इतक्या वर्षांनी कोणत्या तोंडाने विचारायचं? आणि ती 'बरं' म्हणून बोलू लागली असती, तर ते 'बरं' मला ऐकवलं नसतं. मी काही न विचारताच परत आले आणि ग्रंथालयात बसून शब्द तयार केले. सोग्दी शब्द घ्यायचा, त्यावर नियम चालवायचे, इथला स्वर आखूड, तिथला शेवट गळलेला, आणि थ मात्र राखायचा. तेहतीस शब्द. नियमांत माझा हात पक्का होता. ते शब्द इतके सुंदर बसले होते, की रात्री झोपताना मला खरंच वाटायचं, आई असंच म्हणत असेल.

उस्तादांनी त्यातला मेथ आपल्या लेखात घातला. सेवानिवृत्तीपूर्वीचा शेवटचा लेख, बाहेरच्या एका नियतकालिकाला पाठवलेला. तळटीपेत आईचं नाव होतं, कंदोलत, कापसाच्या वस्तीत राहणारी. "आता तिचा आवाज हवा," ते म्हणायचे. मी तीनदा टाळलं. आई आजारी आहे, कापूस वेचणी चालू आहे, भावाचं लग्न आहे. मला भाऊ नाही. शेवटी त्यांनी मला न सांगता वस्तीतल्या शाळेच्या मुख्याध्यापकांकरवी आईला निरोप पाठवला, मानाने, भाड्याच्या पैशांसकट. विद्यापीठातल्या उस्तादांनी तुम्हाला तुमच्या भाषेसाठी बोलावलंय.

आणि आई निघाली. टॅक्सीत चार परक्या माणसांबरोबर, घाट आणि बोगदे ओलांडून. तो टॅक्सीवालाच तिला इस्पितळात घेऊन आला होता. तिची पिशवी माझ्या हातात देताना म्हणाला, "ताई, सगळ्या वाटेभर खूश होत्या हो. मला विचारत होत्या, उस्तादांशी कसं बोलायचं, तुम्ही म्हणायचं ना? मी म्हटलं, त्यांना तुमचीच भाषा ऐकायचीय म्हणे, मग घाबरता कशाला. तर म्हणाल्या, माझ्या मुलीला चालेल का ते आधी विचारीन." अड्ड्यावर उतरताना ती दाराला धरून उभी राहिली आणि तशीच खाली बसली. पिशवीत भाकऱ्या होत्या, वाळवलेली तुती होती, आणि तिने नवा रेशमी झगा घातला होता, जो इस्पितळवाल्यांनी बाहीपासून कापून काढला.

तिसऱ्या दिवशी चार वाजता उस्ताद आले. मी कळवलं नव्हतं. विभागात कुणीतरी सांगितलं असणार. हातात शुर्ब्याचा डबा होता, ध्वनिमुद्रक नव्हता. मी आधी त्यांच्या हातांकडेच पाहिलं, आणि तो नाही हे पाहून मला आणखीच लाज वाटली. त्यांनी टोपी काढली, स्टूल ओढलं, आणि आईकडे वाकून हळूहळू, शब्द वेचत, याग्नोबीत काहीतरी म्हणाले. चाळीस वर्षांनी.

आईचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. तोंडाची एक बाजू लुळी पडली होती, तरी सगळा चेहरा उजळला. ती बोलू लागली. थांबतच नव्हती. डावा हात हलवत, मध्येच हसत. हो, हसत. उस्ताद मान डोलावत, एखादा शब्द पुन्हा विचारत, ती त्यांना तो सावकाश सांगे, त्यांची चूक सुधारी. माझी आई विद्यापीठातल्या उस्तादांची चूक सुधारत होती आणि मी पायथ्याशी उभी राहून पांघरुणाची घडी करत होते, मोडत होते, पुन्हा करत होते. मला त्या माणसाचा हेवा वाटला. मग उस्तादांनी खिडकीतल्या उन्हाकडे बोट करून काहीतरी विचारलं. आई म्हणाली, "मेस." त्यांनी पुन्हा विचारलं. आई म्हणाली, "मेस, मेस," आणि काहीशी वैतागून हसली, एवढं साधं कळत नाही का, अशी.

उस्तादांनी डबा उघडला, तिला चार चमचे शुर्बो भरवला, तिचं तोंड पुसलं आणि मला खुणेने बोळात बोलावलं.

"तिच्या तोंडात स आहे."

मी मान हलवली.

"तेहतीस शब्दांतले किती तिचे?"

"एकही नाही."

ते भिंतीला टेकले. ओरडतील असं वाटलं होतं, ओरडले असते तर बरं झालं असतं. "तुला ती काय बोलते ते कळतच नाही," ते म्हणाले. विचारत नव्हते. "पोरी, मला काय हवं होतं? मला थ नको होता गं. म्हणजे हवा होता, पण नसता तरी चाललं असतं. नसतो तेव्हा नसतो. तेच तर आपलं काम." मी विचारलं, "ती सारखं एक वाक्य म्हणते. दोन दिवस झाले. काय म्हणते?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सांगावं की नको, असं काहीतरी त्यांच्या मनात चाललं असावं. "म्हणते, तुझं बोलणं शोधतेय, तोंडात सापडत नाही. मला म्हणाली, तुम्ही तिला सांगा, मी मुद्दाम नाही करत. ती रागावेल."

मी बोळातच खाली बसले. येणारी-जाणारी माणसं मला ओलांडून जात होती.

त्यानंतर उस्ताद रोज चार वाजता येत. माझ्यासाठी नाही. माझ्याशी ते लागेल तेवढंच बोलत: पाठीला दुखतंय म्हणते, खिडकी लाव म्हणते, शेजारच्या बाईला तुती दे म्हणते. मी त्यांना म्हटलं, तिला सांगा, मी रागावले नाही. त्यांनी सांगितलं. आईने माझ्याकडे पाहून मान हलवली, विश्वास न बसलेल्या माणसासारखी. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक जुनी वही आणून खाटेवर ठेवली; दरीत हिंडतानाची, पेन्सिलीची अक्षरं पुसट झालेली. "यात वाक्यं आहेत. वाच तिच्यासमोर. मी चोवीस तास नसतो इथे." मी वाचू लागले. दुखतंय का. भूक आहे का. मी इथे आहे. चार वर्षं मेलेल्या माणसांची पत्रं घडाघडा वाचणारी मी, जिवंत माणसासमोर अक्षर लावून वाचत होते. आई लक्ष देऊन ऐके. एकदा मी 'मी इथे आहे' म्हटलं तेव्हा ती काहीतरी म्हणाली, लहानसंच, आणि डाव्या हाताने माझी हनुवटी धरली. तेव्हा चार वाजले नव्हते. मी ते मनात घोकत राहिले, उस्ताद आले की विचारायचं म्हणून. पण ते येईपर्यंत त्यातली अक्षरं सरकली, मागची पुढे झाली, आणि मी जे त्यांना म्हणून दाखवलं त्याला काही अर्थ नव्हता. त्यांनी दोन-तीनदा म्हणायला लावलं. मग म्हणाले, "नाही. असं काही नाहीये." आईला विचारलं तर तिला आठवत नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी मी विभागात गेले, प्रबंध मागे घेत असल्याचं पत्र द्यायला. उस्तादांच्या टेबलावर त्यांनी नियतकालिकाला लिहिलेल्या पत्राची प्रत होती. त्यात माझं नाव नव्हतं. 'सामग्री तपासण्यात माझ्याकडून हयगय झाली,' एवढंच. मी म्हटलं, "उस्ताद, माझं नाव घाला." ते चष्मा पुसत म्हणाले, "लेख माझा होता." आणि मग, न पाहता, "पुढच्या वर्षी प्रबंध कर. खरा कर. पण माझ्याकडे नको, शिरिनमोह. माझ्याच्याने होणार नाही." मी बोळातून बाहेर पडत असताना रायहोनचा फोन आला. ट्रॉलीबस मिळाली नाही. मी चिनारांखालून धावत गेले, पण मला उशीर झाला होता. रायहोन म्हणाली, "शेवटी काहीतरी बोलल्या हो. मला नाही कळलं." मी तिला काय सांगणार होते?

आईला आम्ही वस्तीत नेलं. उस्ताद अड्ड्यापर्यंत आले, गाडीच्या काचेवर हात ठेवून उभे राहिले, बरोबर आले नाहीत. वस्तीत मे महिन्याचं ऊन होतं, कापसाची रोपं वीतभर झाली होती. पुरुष तिला दफनासाठी घेऊन गेले. बायका आमच्या घरात जमल्या होत्या, भिंतींना टेकून, पांघरुणांच्या घड्यांवर, आणि अंगणातूनच मला त्यांचा आवाज ऐकू येत होता. त्या आईला आळवत होत्या, त्यांच्या भाषेत. एक सुरू करी, बाकीच्या उचलून धरत. वहीतले दोन-तीन शब्द मला त्यात ओळखू आले: घर, वाट, घायक. मी दारात थांबून ऐकत राहिले. मला वाटलं, आत जावं, त्यांच्यात बसावं, न कळता का होईना, त्या आवाजात आपलाही आवाज घालावा.

मी आत पाऊल टाकलं आणि आवाज थांबला. सगळ्यांनी वर पाहिलं. सब्झागुल खाला, आईची लहानपणापासूनची मैत्रीण, डोळे पुसत पटकन सरकली, मला सगळ्यांत चांगल्या घडीवर जागा करून दिली, आणि ताजिकमध्ये म्हणाली, "या, शिरिनमोह, बसा. थकला असाल." लहानपणी मला कडेवर घेतलेली बाई मला 'तुम्ही' म्हणत होती. मग तिने बाकीच्यांना डोळ्यांनी खुणावलं आणि त्या सगळ्याजणी, मला समजावं म्हणून, अडखळत, शब्द शोधत, ताजिकमध्ये रडू लागल्या. "चांगली होती... आमची कंदोलत... चांगली बाई होती..." पुढे त्यांना येत नव्हतं. तेच तेच म्हणत होत्या.

"नका," मी म्हटलं. "खाला, नका ना असं. तुमच्या भाषेत रडा."

बोलून झाल्यावर मला ऐकू आलं, मी 'तुमच्या' म्हटलं होतं. सब्झागुल खालाने माझ्या पाठीवर हात ठेवला, पाहुणीच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि म्हणाली, "बरं."